पूनमसिंग राठोडांची हलकीफुलकी सायकल

टूथब्रशची अर्धी दांडी कापली की प्रवासातलं ओझं सहा ग्रॅमनी कमी होतं, हा शोध पूनमसिंग राठोडांना ज्या सकाळी लागला, त्याच सकाळी त्यांच्या बायकोला, नंदाला, आपला ब्रश निम्मा झाल्याचा शोध लागला. प्रयोग आधी दुसऱ्याच्या वस्तूवर करून पाहावा, हे सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. नंदाने तो बुटका ब्रश दोन बोटांत धरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फरशीवर फतकल मारून, किराणावाल्याकडून उसन्या आणलेल्या काट्यावर स्वतःचा बनियन मोजत होता.

"अहो, हे काय करून राह्यले तुमी?"

"टूरिंग सेटअप!" पूनमसिंग म्हणाले. त्यांच्या तोंडावर असा काही आनंद फुलला होता की नंदाला पुढे भांडणंच सुचेना.

राळेगावात सायकली कमी नाहीत. शेतावर जाणाऱ्या आहेत, दुधाचे कॅन लटकवलेल्या आहेत, शाळेच्या मुलींच्या आहेत. पण त्या बिचाऱ्यांना सेटअप वगैरे काही नसतो, हवा असली की झालं. पूनमसिंगांची सायकल मात्र सोफा आणि कूलर यांच्या मधोमध, पाहुण्यांना कोपऱ्यात ढकलून उभी होती. हिरव्या रंगाची, पोलादी सांगाड्याची, पुढे तीन चकत्या आणि मागे दातऱ्यांचा डोंगर. आल्यागेल्याला चहा उशिरा मिळे, गिअरची माहिती आधी.

आता पंचायत समितीत फायली सांभाळणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या आणि जिना चढताना भिंतीवरच्या सूचना वाचायच्या निमित्ताने मध्येच थांबणाऱ्या माणसाला हे खूळ लागलं कुठून? तर बहिणीपायी. धाकटी बहीण जया ढाणकीजवळच्या तांड्यावर दिलेली. भाऊबीजेला पूनमसिंगांनी तिच्याकडे जायचं हा रिवाज. पण एका वर्षी निवडणुकीची ड्युटी लागली. दुसऱ्या वर्षी ते निघाले खरे, पण आर्णीच्या स्टँडवर भजी खायला उतरले आणि एस्टी सुटली. मागून दुसरी आली असती, नाही असं नाही. पण पिशवी पहिल्या गाडीत, मन खट्टू, म्हणून ते परत घरी आले. इथवरही ठीक होतं. बहिणीला फोनवर कारण सांगताना 'भजी मातर चांगली होती' हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

"दादा," जया म्हणाली होती, "ज्याले यायचं असते ना, तो सायकलीवर बी येते." आणि फोन ठेवला. तो ठेवलाच. वर्षभर ती दादाशी बोलली नाही. याडीशी, म्हणजे आईशी, बोलायची. बंजारा घरात आई म्हणजे याडी. मानीबाई याडीने एके दिवशी जेवताना सांगून टाकलं, "पूनम्या, जयानं निरोप देल्ला हाय. यंदा तू आला नाई तं ते चंद्राले ओवाळनार. अन् मंग दरसाल चंद्रालेच."

ज्या बाईला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. पूनमसिंगांचा घास हातातच राहिला. त्यांना फार वाईट वाटलं. रात्रभर वाटलं. आणि सकाळी उठून त्यांनी निश्चय केला की जायचं, आणि सायकलीवरच जायचं. राळेगावाहून ढाणकीकडे जायला एस्टी आहे, हे त्यांना पुढे अनेकांनी सांगितलं. पण बहिणीने सायकल म्हटलं होतं. शब्दाला शब्द!

यवतमाळला कपिल नावाच्या तरुणाचं दुकान होतं. दुकान कसलं, ज्यांचे पगार संपतात पण हौस संपत नाही अशा लोकांचा तो अड्डा होता. कपिल गिऱ्हाइकाला सायकल विकत नसे, आधी त्याची परीक्षा घेई. पूनमसिंग पहिल्या दिवशी गेले आणि "एक सायकल पायजे" म्हणाले, तेव्हा त्याने दवाखान्यात विचारावं तसं विचारलं, "सर, कंबर कशी आहे?"

त्यानंतरचे रविवार कसे गेले ते पूनमसिंगांना कळलं नाही. हँडल कोणतं? वाकड्या शिंगाचं ड्रॉप बार की चारी ठिकाणी हात बदलता येणारं बटरफ्लाय? टायर बारीक की जाड? कपिलच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये त्यांनी भोळेपणाने टायरचा प्रश्न टाकला, तर तिथे दोन तट पडले, दिवसभर जुंपली आणि वणीचे एक डॉक्टर ग्रुप सोडून गेले. पूनमसिंगांना इतकं महत्त्व आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. चामड्याच्या सीटबद्दल कपिल म्हणाला, "सर, हे पहिले तुम्हाला त्रास देईल. मग हळूहळू तुमच्या मापाचं होईल."

"तसं कोनी होत नाई," नंदा म्हणाली. ती चष्मा बदलायला यवतमाळला आली होती आणि नाइलाजाने दुकानात बसली होती. "वीस वर्सं झाली, मी पाहून राह्यली."

पण कपिलची खरी दीक्षा वेगळीच होती. "सर, टूरिंगमध्ये ओझं हा शत्रू. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, तुझ्याशिवाय माझं चालते का?" हे वाक्य पूनमसिंगांच्या काळजाला भिडलं. घरी येऊन ते एकेक वस्तू हातात घेऊन तिला हा प्रश्न विचारू लागले. टॉवेलचा रुमाल झाला, साबणाची चकती झाली. दुरुस्तीच्या सामानातली तारा आवळायची किल्ली चाळीस ग्रॅमची निघाली, तिच्याशिवाय चालतं असं ठरलं. मानीबाई खाटेवरून हे सारं पाहत होत्या.

"पूनम्या, तुया पणज्याच्या बापानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून कुठच्या मुलखातलं कुठी नेलं. तांडाचा तांडा चालत जाये. त्याइनं कधी बनियन मोजली नाई."

"याडी, त्यायचा सेटअप येगळा होता," पूनमसिंग म्हणाले.

शेजारचे वामनराव रोज संध्याकाळी सल्ला द्यायला येत. वामनरावांकडे कापूस आणि तुरीची भरपूर शेती, आणि सल्ला हा त्यांच्या घरातून फुकट बाहेर पडणारा एकच माल. ते सायकलीभोवती, बैल विकत घ्यायला आल्यासारखे, एक फेरा मारत आणि टायर दाबत. "चेनकव्हर कुठी हाय? धोतर अटकन ना!"

"मी धोतर नाई नेसत, वामनराव."

"आज नाई नेसत. उद्याचं कोनी पाह्यलं?" मग ते मागचं चाक हवेत उचलून फिरवत आणि त्याचा आवाज ऐकत. "डबल स्टँड नाई, घंटी एवढीशी, अन् एवढे गिअर कायले पायजे? एका मानसाले एकच गिअर पुरते. मले पाहा."

सल्ल्यांचा मारा सोसता येतो, पण कचेरीचा नाही. सणाच्या सुट्टीत मुख्यालय सोडायचं तर साहेबांची परवानगी लागते, आणि त्या अर्जात पूनमसिंगांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'प्रवासाचे साधन : सायकल.' साहेबांनी त्यांना तातडीने आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"राठोड, मागणी काय आहे तुमची?"

"काई नाई साहेब."

"कर्मचारी सायकलीवर निघतो म्हणजे मागणी असतेच. पेन्शन का बदली?"

बहिणीकडे जायचं आहे हे साहेबांना पटेना. शेवटी पूनमसिंगांनी लेखी खुलासा दिला की सदर सायकल प्रवास कोणाच्याही निषेधार्थ नसून केवळ भाऊबीजेप्रीत्यर्थ आहे. साहेबांनी तो दोनदा वाचला, पंख्याकडे पाहिलं आणि मध्यम मार्ग काढला. निषेध नाही तर निदान जनजागृती तरी करा. म्हणून कार्यालयाच्या कोठीत पडलेली पत्र्याची एक पाटी सायकलीच्या मागे लावायची ठरली : 'ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा.' पाटी पाऊण किलोची. पूनमसिंगांनी ब्रश, साबण आणि टॉवेल मिळून जे काही वाचवलं होतं ते या एका पाटीने व्याजासकट खाल्लं. सही करता करता साहेब सहज म्हणाले, "उमरखेडवरूनच जाल ना? आमच्या सासूबाई तिथेच. मिक्सरचं एक भांडं आहे."

आणि इथून खरी गंमत सुरू झाली. आपल्याकडे एखादा माणूस परगावी निघाला ही बातमी गुपित राहू शकत नाही, आणि बातमी कळलेला माणूस रिकाम्या हाताने घरी बसू शकत नाही. 'तिकडेच चाललास ना, मग एवढं घेऊन जा.' यात विनंती नसते, नकाराची सोयही नसते. नंदानेच सुरुवात केली. महागावला तिची मावशी, मावशीला कुरडया. कुरडया वजनाला हलक्या, पण डबा पितळी. मग समोरच्यांचा चिवडा आला. कचेरीतल्या शिपायाच्या मेहुण्यासाठी पंपाचा वॉशर आला, आणि वॉशरसोबत पंपाचं जुनं तोंडही, 'मापाले असू द्या' म्हणून. पूनमसिंग प्रत्येक वस्तू हातात घेत आणि मनातल्या मनात कपिलचा प्रश्न विचारत. समोरचा मात्र आधीच "फोन करून सांगतो त्यायले" म्हणत निघून गेलेला असे.

शेवटी वामनराव आले. त्यांनी वर्षभर पुरेल एवढी जाडजूड कागदाची पुडी पुढे केली. "आर्णीले आमची विमल देल्ली हाय. भाऊबीजेची भेट. दंतमंजन. घरीच कुटलं, बाभळीच्या सालीचं."

विमलताई ही वामनरावांची एकुलती एक बहीण. तीस वर्षं ती दर भाऊबीजेला दंतमंजन घेत होती. तिच्या दातांबद्दल आर्णीत चांगलं बोललं जाई, भावाबद्दल काही बोललं जात नसे.

पूनमसिंगांनी जयासाठी साडी घेतली होती. वर्षभराचा अबोला फिटेल अशी, आमसुली रंगाची, काठाला बारीक आरसे. ती मात्र त्यांनी काट्यावर घातली तरी तिला प्रश्न विचारला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं भरायला घेतलं. कपिलने सांगितलं होतं की सामान काळ्या जाड पिशव्यांत बंद करायचं, पाणी शिरत नाही. नोव्हेंबरात कुठलं पाणी, पण शास्त्र ते शास्त्र. प्रत्येक वस्तू काळ्या पिशवीत गेली, पिशवीला चिकटपट्टी बसली. दुसरं शास्त्र असं, की मागच्या चाकाच्या डाव्या आणि उजव्या झोळीत वजन अगदी सारखं हवं, नाहीतर सायकल ओढते. म्हणून पूनमसिंगांनी पिशव्या काट्यावर लावल्या आणि वजनाप्रमाणे जोड्या पाडल्या. कोणाची कोणती हे लक्षात ठेवायचं त्यांना सुचलं नाही. ते जोड्या जमल्याच्या आनंदात होते. एक जोडी तर ग्रॅमला ग्रॅम जुळली, तेव्हा त्यांनी नंदाला हाक मारून दाखवली. साडी आणि दंतमंजन.

पाडव्याच्या पहाटे नंदाने नवऱ्याला हेल्मेटसकट ओवाळलं. दिव्याचा उजेड हेल्मेटवर पडला आणि ती हसू आवरत म्हणाली, "पोचा सुखरूप. अन् भजी खायले उतरू नका."

आणि काय सांगावं, तो रस्ता! गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, गार वारा तोंडावर आणि खाली चेनचा बारीक सूर. पूनमसिंगांनी एक गिअर बदलला, कट्‌ असा आवाज झाला आणि पाय एकदम हलके पडले. ते मोठ्याने हसले. रस्त्यावर कोणी नव्हतं, म्हणून आणखी एकदा हसले. वीस वर्षं ते ह्याच रस्त्याने एस्टीच्या खिडकीतून गेले होते आणि रस्ता कधी दिसलाच नव्हता. हा चढ, ही चिंच, हा उतार! उतारावर त्यांनी दोन्ही पाय लांब सोडले. मागे ती पाटी खडखडली, तरी त्यांना तेही गोडच वाटलं.

पाटीचा उपद्रव यवतमाळच्या अलीकडे सुरू झाला. एका वस्तीपाशी ते पाणी प्यायला थांबले. मागे 'ओला कचरा, सुका कचरा' आणि दोन्ही बाजूंना काळ्या पिशव्या. घरातून एक बाई लगबगीने आली आणि तिने भाजीच्या देठांची पिशवी त्यांच्या झोळीत टाकली. "बरं झालं बाप्पा, सणाचे बी येऊन राह्यले तुमी," ती कौतुकाने म्हणाली. पूनमसिंग वरिष्ठ सहायक आहेत हे सांगेपर्यंत शेजारची दुसरीही आली. इतक्या आदराने दिलेला कचरा नाकारता येईना. तो त्यांनी पुढच्या कुंडीपर्यंत वाहून नेला आणि दोन्ही झोळ्यांचा तोल बिघडला म्हणून तिथे बसून पिशव्या पुन्हा इकडच्या तिकडे केल्या.

कपिल चौकात फोटो काढायला उभा होता. फोटो काढायचं विसरून तो नुसता पाहत राहिला. "सर, मी तुम्हाला टूरिंग सेटअप दिला होता. तुम्ही टेम्पो केला!"

"लोकायनं देल्लं," पूनमसिंग ओशाळून म्हणाले.

कपिलने सायकल उचलून पाहिली, उचलली गेली नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळाच आनंद पसरला. "पण सर, सांगाडा हूं की चूं करत नाहीये! बघा, पोलाद म्हणत होतो की नाही मी?" आणि त्याने चार बाजूंनी फोटो काढून ग्रुपवर टाकले. वणीचे डॉक्टर म्हणे तेवढ्यासाठी परत आले.

संध्याकाळी आर्णीला विमलताईंनी अंगणात पाट मांडून ठेवला होता. पूनमसिंगांनी झोळीतून एक पिशवी काढून, "वामनरावांनी पाठवलं," म्हणून हातात दिली. विमलताईंनी ती उघडली नाही. "मंजनच असन. पन भावाचं हाय. उद्या देवापुढं उघडीन," म्हणाल्या आणि पिशवी देव्हाऱ्यात ठेवली. त्या घरी पूनमसिंगांचे इतके लाड झाले की वामनरावांना ते मनातल्या मनात सगळं माफ करून बसले. सकाळी निघताना विमलताईंनी लाल कोहळं आणून ठेवलं. "महागावची मावशी म्हंता ना तुमी, तिले. घरचं हाय."

महागावला मावशींनी कुरडया घेतल्या, कोहळं घेतलं, आणि पाहुण्याला रिकाम्या झोळीने कसं पाठवायचं म्हणून त्याहून मोठं कोहळं दिलं, वर ज्वारीच्या लाह्या. म्हणजे एक वस्तू उतरावी आणि दोन चढाव्या असं चाललं होतं. पूनमसिंगांना कळून चुकलं की या रस्त्यावर ओझं कमी होत नाही. आणि गंमत अशी की त्यांना आता त्याचं दुःखही होईना. चढावर ते सगळ्यात लहान चकतीवर साखळी टाकत आणि डुलत डुलत वर जात. शेतातली माणसं हात करत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बैलगाडी बाजूला घेऊन त्यांना वाट दिली, तेव्हा तर त्यांची छाती दोन इंच फुगली.

चिवडा आणि वॉशर वाटेत ज्याचे त्याला पोचले होते. उमरखेडला साहेबांच्या सासूबाईंना मिक्सरचं भांडं पोचलं. आणि गाव सोडून थोडं पुढे जातात तोच मागच्या चाकातून 'टण्ण' असा आवाज आला. तार तुटली. चाक कंबर मोडल्यासारखं हेलपाटे खाऊ लागलं आणि ब्रेकला घासायला लागलं. बाकीच्या तारा आवळून चाक सरळ करता आलं असतं. त्याची किल्ली राळेगावात, सोफ्याखाली, 'हिच्याशिवाय चालतं' या गठ्ठ्यात होती.

पूनमसिंग रस्त्याच्या कडेला बसले. सूर्य कलला होता. अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशीचा चंद्र, नखाएवढा. सूर्य बुडाला की दिसणार आणि लगेच मावळणार. जया तबक घेऊन अंगणात उभी असेल. आणि आपण इथे, कोहळ्याजवळ. त्यांना रडू यायला लागलं आणि त्याचाच त्यांना राग आला. मागून उमरखेड-ढाणकी एस्टी आली, ड्रायव्हरने हात करून विचारलं. पूनमसिंगांनी मान हलवली. आज बसायचं नव्हतं. त्यांनी मागचा ब्रेक सोडवून टाकला, कोहळं मागून काढून पुढे हँडलला टॉवेलच्या त्या इवल्या तुकड्याने आणि स्वतःच्या पट्ट्याने बांधलं, एका हाताने पँट सावरली आणि निघाले. चाक हलत होतं, पाटी खडखडत होती, कोहळं गुडघ्याला लागत होतं. "चाल!" ते सायकलीला म्हणाले. "चाल बापा, चाल!" चांगल्या नोकरीतल्या माणसाने रस्त्यावर ओरडू नये, पण ते तांड्यापर्यंत ओरडत गेले.

अंगणात खरंच तबक तयार होतं. सूर्य बुडाला होता. पश्चिमेच्या कडेला चंद्राची कोर नुकती दिसू लागली होती आणि जया तिकडेच तोंड करून उभी होती. शेजारी तिचा नवरा नेमसिंग आणि तांड्यातल्या चारपाच बाया. पाटीचा खडखडाट ऐकून सगळे वळले.

"कचऱ्याची गाडी आली वाटते," नेमसिंग म्हणाला.

पूनमसिंग उतरले. म्हणजे पाय उतरला, गुडघा मागाहून आला. जया जागची हलली नाही. "आले का राठोड साहेब," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "सुट्टी भेटली?"

त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण दम इतका लागला होता की एकही शब्द फुटेना. त्यांनी झोळीत हात घातला आणि उरलेली काळी पिशवी काढली. निदान ही तरी बोलेल. चिकटपट्टी निघेना, दातांनी तोडली, आणि बहिणीच्या तबकात उलटी केली. कागदाची पुडी पडली, पुडी फुटली. तपकिरी भुकटी कुंकवात आणि तांदळात मिसळली, आणि अंगणभर बाभळीच्या सालीचा उग्र वास सुटला.

ओवाळणीत दंतमंजन पडलेली ही तांड्यातली पहिलीच बहीण असावी. जयाने तबकात पाहिलं, मग भावाकडे. पूनमसिंगांना वाटलं, संपलं. त्या क्षणाला त्यांच्या खिशातला फोन वाजला. घामेजल्या बोटांनी तो उचलायला गेले, तर स्पीकरच लागला.

"पूनमभाऊ!" अंगणभर वामनरावांचा आवाज घुमला. "काय देल्लं बे तू माया बहिनीले? साडी! आरशे आरशे लावलेली! ते पोरगी घंटाभर रडून राह्यली फोनवर. म्हंते, भाऊ, तीस वर्सात पह्यल्यांदा... मले म्हंते, तुयाबद्दल मी भल्लं वाईट मनात ठेवलं होतं, माफ कर. अन् सगळ्या गल्लीले दाखवून आली नेसून. आता मी काय करू? परत माग म्हनू काय? सांग ना!"

पूनमसिंगांनी साऱ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नका मागू, वामनराव. साडी तुमीच देल्ली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग वामनराव म्हणाले, "अन् मंग मंजन?"

"ते... जयाले."

"ठीक हाय. तिले सांग, बोटानंच लावाचं, बरशानं नाई." आणि फोन बंद झाला.

आधी नेमसिंग हसला. मग बाया. जयाने ओठ घट्ट दाबून धरले होते, पण तबकातली ती भुकटी पाहिली आणि तिचाही बांध फुटला. ती हसली, हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसली. मग तिने पदराने तबक स्वच्छ पुसलं, नवं कुंकू घातलं, वात सारखी केली आणि चंद्राकडे पाठ करून भावाला ओवाळलं. पूनमसिंग पँट एका हाताने धरून उभे होते. त्यांना काही दिसत नव्हतं, चष्म्यावर वाफ धरली होती.

जेवणं झाली. कोहळं कापलं गेलं. सकाळी पूनमसिंग अंगणात सायकलीपाशी बसून, नेमसिंगने कुठून तरी पैदा केलेल्या तारेने आणि पान्याने चाक सारखं करत होते, तेव्हा जया घरातून पाठीवर एक गच्च भरलेलं पोतं घेऊन आली आणि तिने ते त्यांच्यापुढे धपकन ठेवलं. तुरीची डाळ. चांगली दहा किलो असेल.

"याडीले," ती म्हणाली. "दरसाल बांधतो अन् दरसाल सोडतो. दुसऱ्या कोनाच्या हाती देऊ, भिया?"

वर्षभरानंतर तिने त्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हटलं होतं. पूनमसिंगांनी पोत्याकडे पाहिलं. काट्याची आठवण त्यांना झाली नाही. ते उठले, पोतं उचलून मागच्या कॅरिअरवर ठेवलं आणि दोरी आवळत बहिणीला म्हणाले, "अजून काई हाय काय?"